दिवसातून किती वेळा

३ मार्च

बारक्या,

सहा वर्षांनी लिहितोय. आशीर्वाद लिहून सुरुवात करावी की नाही यातच दहा मिनिटं गेली. नाही लिहिला. तुझं जसं चाललंय ते ऐकता तुला माझ्या आशीर्वादाची काही गरज दिसत नाही.

परवा ताईचा फोन आला होता. तुझ्या वहिनीने तो स्पीकरवर टाकला, मीही ऐकावं म्हणून. तुला गुदाशयाचा कॅन्सर निघाला, नोव्हेंबरात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, पोटाला पाच भोकं, सहाव्या दिवशी घरी, आणि महिन्याभरापूर्वी तू परत क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसलास. "काही झालंच नाही असा चालतो गं," ताई सांगत होती. "बंदरावर सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचतायत."

तुझी वहिनी डोळे पुसत होती. मी उठून संडासात गेलो. रडायला नव्हे. मला जावंच लागतं.

आता मुद्द्याचं. मलाही तेच झालंय. तेच म्हणजे तेच. गुदाशय, कॅन्सर, दुर्बीण, पाच भोकं. तुझ्या कितीतरी आधी. ताईला आम्ही मूळव्याधीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तुझ्यापर्यंत काही आलं नसेल. आपल्या तिघांत ती थोरली, तिच्याशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळली.

माझं ऑपरेशनही उत्तम झालं. सर्जन स्वतः म्हणाला, "देखणं काम झालंय." रिपोर्टही स्वच्छ. आधी रेडिएशन झालं, मग ऑपरेशन, मग सहा महिने पोटावर पिशवी, मग ती पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं. त्याला वर्ष झालं. म्हणजे मी बरा आहे. सगळे म्हणतात मी बरा आहे. जो भेटतो तो म्हणतो, "अरे वा, चांगला दिसतोस!" दिसतोच. माझं जे बिघडलंय ते दिसण्यातलं नाही.

मला तुला फक्त एक प्रश्न विचारायचाय, आणि खरं उत्तर हवंय. दिवसातून किती वेळा जातोस?

मी बारा ते चौदा.

दादा

१९ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "दोनदा. क्वचित तीनदा. तुझं ऑपरेशन नक्की कधी झालं ती तारीख कळव."

दोनदा!

मी ते कार्ड तुझ्या वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, निदान एकाचं तरी." निदान एकाचं! मी कार्ड तिच्या हातून काढून घेतलं.

दोनदा जाणाऱ्या माणसाला चौदा वेळा म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. एकदा जाऊन आलं की झालं, असं ते नसतं. बसतो. थोडं होतं. उठतो, हात धुतो, टॉवेलला हात लावतो, की परत. सकाळच्या एका तासात पाच वेळा. मग दोन तास शांत, इतके शांत की वाटतं आज जमलं. म्हणून चप्पल घालतो. चप्पल घातली की कळ. त्या कळेला मिनिटभराचीही मुदत नसते. सांगते तीसुद्धा स्वतः दाराशी पोचल्यावरच. आणि काही वेळा तर सांगतही नाही, नुसतीच येते. बत्तीस वर्षं बंदरावर काढली, कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे ते कागद न बघता सांगायचो. आता स्वतःच्या आत वारा आहे की माल आहे, ते मला कळत नाही.

घरापासून धक्क्यापर्यंतचा रस्ता मी आता वेगळ्याच खुणांनी ओळखतो. औषधाच्या दुकानामागचं संडास, तिथली बाई भली आहे. वाचनालयाचं, पण ते अकराला उघडतं. पेट्रोल पंपाचं, त्याची किल्ली मागावी लागते आणि किल्लीला एवढं मोठं लाकूड बांधलंय, की ते हातात घेऊन चालताना सगळ्या रस्त्याला कळतं आपण कुठे निघालोय.

काल एक कुत्रा विजेच्या खांबाशी बसला. बसला, उठला, दोनदा मागची तंगडी झाडली आणि चालू पडला. मी उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. हसू नकोस. तुझी वहिनी रोज सकाळी पेपर घेऊन आत जाते आणि पेपर वाचून झाला म्हणून बाहेर येते, तिच्याकडेही मी असाच बघतो. तिच्याशी भांडायला मला दिवसभरात दुसरं कारण लागत नाही.

मी आता क्रेनवर नाही. खालच्या ऑफिसात बसून ट्रकवाल्यांना पावत्या देतो. स्वतःच सोडलं. वयही झालं, डोळेही थकले. माझ्या केबिनमध्ये आता एक नवा आलाय, जरा झटके देत चालवतो. खिडकीतून दिसतं.

तिकडे तुझी केबिन किती उंच आहे? ताई म्हणाली इकडच्यापेक्षा दहा मीटरने जास्त. असणारच. सहा वर्षांपूर्वी नव्या क्रेनच्या परीक्षेत आपण दोघांनी क्रेनला टांगलेली, पाण्याने भरलेली बादली या टोकापासून त्या टोकाला नेली होती. माझ्यातून सांडलं, तुझ्यातून नाही. बारा वर्षं मी सीनियर, आणि क्रेन तुला मिळाली. त्या दिवशी जेवताना मी म्हणालो होतो, मी शिकवलं नसतं तर तू अजून खाली दोर ओढत असतास. तू ताटावरून उठलास आणि महिन्याभरात दुसरं बंदर गाठलंस. मी म्हणालो ते खोटं नव्हतं, एवढंच आजही सांगतो.

तारखेचं काय घेऊन बसलास. झालं ते झालं.

दादा

८ एप्रिल

बारक्या,

या वेळी पूर्ण पानभर लिहिलंस. अक्षर अजून तसंच, ओळी उजवीकडे चढतात.

तू लिहितोस, ऑक्टोबरात बंदराच्या वार्षिक तपासणीत तुझं रक्त कमी निघालं, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरने तुला विचारलं, घरात आधी कुणाला? तू सांगितलंस, कुणाला नाही. "दादा, तेव्हा तुझं सगळं होऊन गेलं होतं. मग मी खोटा ठरलो की नाही? तू मला का नाही कळवलंस? खरं काय ते सांग."

खरं हवंय ना? मग हे घे. क्रेन मी स्वतःहून सोडलेली नाही.

पोटाची पिशवी काढून तीन महिने झाले होते. मी साहेबांच्या मागे लागून परत केबिन मागून घेतली. आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण घेतला नाही. जुलाब थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या. आत पॅड लावलं. तुला माहीत आहे, इकडच्या क्रेनची लिफ्ट चार मिनिटं घेते आणि वर शिडी वेगळी. वर चढलो, खुर्चीत बसलो, पायाखालच्या काचेतून खाली बघितलं, तेव्हा बारक्या, मला वाटलं, आता खरा बरा झालो. दीड तास क्रेन अशी चालवली की कप भरून ठेवला असता तर हलला नसता.

मग एक कंटेनर अधांतरी होता, जहाजाच्या पोटावर, खाली चार माणसं. तेव्हा कळ आली. दोन्ही हात दांड्यांवर. सोडता येत नाही. मी तो कंटेनर ठेवला. नीट ठेवला, आवाजसुद्धा झाला नाही. ठेवेपर्यंत माझं खाली व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वॉकीटॉकीवर खालचा सिग्नलवाला विचारत होता, "वर काय झालं? का थांबलात?" मला बोलता येईना. तो काय समजला कोण जाणे. म्हणाला, "उतरू नका. मी येतो." स्वतःची जादाची पँट आणि पाण्याचा कॅन घेऊन तो शिडी चढून वर आला. खुर्ची त्याने पुसली. मला हात लावू दिला नाही. खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं की केबिनमध्ये तेल सांडलंय, दोन तास क्रेन बंद. त्याने आजपर्यंत कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना डोळ्यांचं कारण दिलं.

झालं समाधान?

तुला का नाही कळवलं, तर राहून गेलं असेल. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नव्हतं.

दादा

२ मे

बारक्या,

या वेळी तुझं पत्र यायची वाट न बघता लिहितोय.

सर्जनने मला एका बाईंकडे पाठवलंय. फिजिओथेरपिस्ट, पण गुडघे-खांद्याच्या नव्हेत. खालचे स्नायू शिकवतात. वय माझ्या मुलीएवढं, टेबलावर प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा, आणि बोलणं असं की जणू आपण बसच्या वेळा विचारतोय. मी त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी पाच प्रश्नांचा कागद दिला. वारा अडवता येतो का, पातळ गळतं का, दिवसातून किती वेळा, एका तासात पुन्हा जावं लागतं का, धावावं लागतं का. त्याला मार्क असतात. मला बेचाळीसपैकी एकोणचाळीस पडले. आयुष्यात एवढे मार्क कधी पडले नव्हते. बाई म्हणाल्या, "हे कमी करायचेत." म्हणजे लोकांना यातही कमी पडतात. मी लगेच विचारलं, "भावाला आणून बसवलं तर त्याला किती पडतील?"

त्या म्हणाल्या, "भावाचं काय?"

मग मी तुझं सांगितलं. दोनदा, सहाव्या दिवशी घरी, क्रेन, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि कागदावर चित्र काढलं. गुदाशय म्हणजे साठवायची जागा. "तुमची गाठ अगदी खाली होती, दारापासून चार बोटांवर. ती काढताना साठवायची जागा जवळजवळ पूर्ण गेली, आणि रेडिएशनने उरलेलं ताठर झालं. आता आतडं आलेलं साठवत नाही, पुढे ढकलतं. तुमच्या भावाला रेडिएशन दिलं होतं?"

"नाही."

"पिशवी?"

"नाही."

"मग त्यांची गाठ वर असणार. त्यांची बरीचशी जागा शाबूत राहिली."

"म्हणजे तो माझ्यापेक्षा धट्टाकट्टा म्हणून नाही?"

"नाही हो. गाठ वर होती म्हणून."

माझ्या डोक्यावरून शंभर टनांचं काहीतरी उतरलं. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. वाटलं, पास-नापास नाहीच यात. तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "त्यांचं वेळेवर सापडलं ना पण. तुमचं झालं म्हणून तपासून घेतलं असेल त्यांनी."

मी "हो" म्हणालो.

घरी येऊन दोन दिवस ते "हो" काही खाली उतरलं नाही. म्हणून हे पत्र.

बारक्या, माझं ऑपरेशन तेरा ऑगस्टला झालं, तुझं सापडायच्या चौदा महिने आधी. घरी सोडताना सर्जनने कागदावर लिहून दिलं होतं: सख्ख्या भावंडांची तपासणी लवकरात लवकर करून घ्यावी. खाली दोन रेघा मारल्या होत्या. नुसतं लिहून दिलं नाही, माझ्याकडून म्हणवून घेतलं. "काय करायचंय?" "भावंडांना कळवायचंय." तो कागद मी घडी करून क्रेनच्या लायसन्सच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागे सारला. तुझ्या वहिनीने तीनदा विचारलं, "बारक्याला कळवलं?" तीनदा सांगितलं, कळवलं. ताईला मूळव्याध सांगितली ती लाजेने नाही. तिला कळलं असतं तर तिने तुला कळवलं असतं.

तू मरावंस असं माझ्या मनात कधी आलं नाही. कुणाचीही शपथ घ्यायला लाव. आलं होतं ते वेगळंच. पोटाला पिशवी लावून मी खिडकीत बसायचो, तेव्हा डोळ्यांसमोर यायचं: आपण बारक्याला फोन करतोय, बारक्या तपासून घेतोय, आणि बारक्याला काहीच निघत नाही. तू फोन करून सांगतोयस, "दादा, माझं सगळं स्वच्छ आहे." परत तू पास. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी चौदा महिने.

बाईंना मी आडून विचारलं, एखाद्याचं वर्षभर आधी बघितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण कदाचित तेव्हा आतड्यात नुसता कोंब असता, कॅन्सर नव्हे. खालून घालतात त्या दुर्बिणीतून तिथल्या तिथे काढून टाकला असता. ऑपरेशनच लागलं नसतं."

तुझी पाच भोकं बहुतेक माझी आहेत.

दादा

११ जून

बारक्या,

चाळीस दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मागत नाही.

हे पत्र ताईबद्दल आहे, म्हणून फाडू नकोस.

तुला लिहिलेलं सगळं मी तुझ्या वहिनीलाही सांगितलं. केबिनमधलंसुद्धा. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायची. पाचव्या दिवशी दारातून म्हणाली, "आणि ताई?"

मला वाटायचं, तू तुझ्या ऑपरेशननंतर ताईला तपासून घ्यायला सांगितलंच असशील. सांगितलं होतंस, ते आता कळलं. पण ताई म्हणाली होती, एकाला झालं ते नशीब, मी या वयात कुठे नळ्या घालून घेऊ. आणि तुझ्या डॉक्टरनेही फार जोर दिला नाही, कारण त्याच्या कागदावर घरात तू एकटाच होतास. तिघांत दोघं, हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याशिवाय.

हे फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. फोनवर मी खोटं फार सहज बोलतो.

बसने पाच तास. वर्षभरात मी घरापासून दहा मिनिटांच्या पलीकडे गेलेलो नाही. मास्तरीणबाईंनी पाणी आत सोडून आतडं धुवायचा पंप शिकवलाय, एक दिवसाआड सकाळी. ते केलं की चार-पाच तास बऱ्यापैकी सुटका मिळते. चार तासांची खात्री आणि पाच तासांचा प्रवास. ड्रायव्हरच्या मागची सीट घेतली आणि गाडी सुटायच्या आधी त्याला सरळ सांगितलं, "माझं आतड्याचं ऑपरेशन झालंय. मी थांबवा म्हणालो तर थांबवाल का?" त्याने आरशातून बघितलं, म्हणाला, "आधी सांगितलंत ते बरं केलंत." एकदाच थांबवावी लागली. परत चढलो तेव्हा मागून कुणीतरी कुरकुरलं. ड्रायव्हर म्हणाला, "घाई असेल त्याने उतरून चालत जा." बारक्या, हे इतकं सोपं असतं? नुसतं सांगायचं असतं?

ताई तिच्या पुस्तक-बाइंडिंगच्या कारखान्यातच होती. समोर शिवलेल्या छापील पानांचा ढीग, हातात खळीचा ब्रश. मला बघून आधी हसली. "मोठ्या! तू? न सांगता?" मग माझा चेहरा बघून ब्रश खाली ठेवला.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मशीन चालू होतं म्हणून ओरडून सांगावं लागलं. बाजूच्या दोघी बायका काम थांबवून ऐकत होत्या. संपल्यावर ताई फक्त म्हणाली, "म्हणजे मूळव्याध नव्हती."

"नव्हती."

"बघ हं, नीट सांग. तुला रक्त जायचं ते मूळव्याधीचं नव्हतं."

"नाही गं."

ती खुर्चीवर बसली. खळीचे हात तसेच मांडीवर. म्हणाली, "मला तीन महिने जातंय. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, मोठ्याला होती तशीच मूळव्याध असेल, घराण्यातच दिसतेय. त्याच्यासारखंच ऑपरेशन होईल, मग होईल बरं."

पुढचं मला लिहिता येत नाही. तिने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. बाजूच्या बाईकडून पाणी मागून घेतलं आणि तो पेला मला दिला.

अठरा तारखेला सकाळी तिची दुर्बिणीची तपासणी आहे, आमच्याच इस्पितळात. मी तिला बरोबर घेऊन आलोय, ती आमच्याकडेच आहे. तुला कळवायचं होतं. या वेळी कळवलं.

दादा

२८ जून

बारक्या,

ताईचा रिपोर्ट काल आला. तीन कोंब होते, तिन्ही त्याच दिवशी दुर्बिणीतून काढले होते. दोन साधे. तिसरा बिघडायला लागला होता, पण मुळासकट निघालाय. आता वर्षभराने परत बघायचं. ऑपरेशन नाही, पिशवी नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. ताई त्यावर म्हणाली, "चला, म्हणजे मी जेवायला मोकळी," आणि घरी आल्या आल्या मांडी ठोकून तीन पोळ्या खाल्ल्या.

मला काय वाटलं ते तुला सांगायला हरकत नाही. आधी जीव भांड्यात पडला. त्याच्या मागोमाग, दोनच पावलांवर, हेवा. माझी थोरली बहीण, साठी ओलांडलेली, तिच्या धडधाकट आतड्याचा हेवा. हा रोग सर्जनला काढता आला नाही. पण आता तो आला की मी त्याला ओळखतो, आणि कुणाला तरी सांगून टाकतो. या वेळी ताईलाच सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, माझ्या आतड्याला दृष्ट लावू नकोस."

परवा बाईंनी परत तो पाच प्रश्नांचा कागद भरून घेतला. एकोणतीस. दिवसाला सहा-सात वेळा. त्या म्हणाल्या, आणखी थोडं खाली येईल, पण पूर्वीसारखं होईल असं समजू नका. क्रेनवर मी परत जाणार नाही. साहेबांना आता खरं कारण लिहून दिलंय आणि नव्या लोकांना शिकवायचं काम मागितलंय, खालून, वॉकीटॉकीवर. तो झटके देणारा आहे ना, त्याच्यापासून सुरुवात.

अठरा तारखेचं तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. तरी लिहितोय, कारण तिथे मी तुला काही धड बोललो नाही.

ताईला आत नेल्यावर तू आलास. रात्रभर प्रवास करून आला असशील, शर्ट चुरगळलेला. ताईनेच तुला बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. तू वहिनीच्या पलीकडच्या खुर्चीवर बसलास आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी मात्र बघत होतो. तू बारीक झालायस. पण पाठ सरळ, पाय मोकळे सोडलेले, दाराकडे लक्ष नाही. संडास कुठे आहे ते तू आल्यावर बघितलंससुद्धा नाहीस. मी आधी तेच बघतो. तेवढ्यावरूनही माझा जळफळाट झाला.

आणि मग मला लागलं.

त्या मजल्यावर संडास एकच, आणि तपासणीला आलेल्या सगळ्यांना पोट साफ करायचं औषध पाजलेलं. समोर पाच जणांची रांग. मी सॅक खांद्याला अडकवून शेवटी जाऊन उभा राहिलो. पाय आवळले. बाईंनी शिकवलंय तसे स्नायू वर ओढून धरले आणि फरश्या मोजायला लागलो. अकरापर्यंत आलो. बारावी काही मोजली जाईना.

तू कधी उठलास ते मला दिसलं नाही. फक्त आवाज ऐकू आला, केबिनमधून खाली ओरडतोस तसा.

"जरा बाजूला व्हा. माझ्या भावाला आधी जाऊ दे."

पुढचा गृहस्थ म्हणाला, "अहो, इथे सगळ्यांनाच जायचंय."

"तुम्हाला जायचंय. त्याला थांबता येत नाही. त्याचं गुदाशयाचं ऑपरेशन झालंय. माझंही झालंय. मी थांबू शकतो, तो नाही."

काउंटरवरच्या मुलीने मान वर करून बघितलं. बाकावरच्या सगळ्यांनी बघितलं. जो शब्द लपवण्यासाठी मी सगळ्यांशी खोटं बोललो, तो तू भर कॉरिडॉरमध्ये, कुठल्या जहाजाचं नाव घ्यावं तसा घेतलास. रांग बाजूला झाली. तू दार ठोठावलंस, आतला माणूस बाहेर आला, तू मला खांद्याला धरून आत ढकललंस. सहा वर्षांनी तुझा हात लागला. वेळेत पोचलो, बारक्या. थोडक्यात, पण पोचलो.

आत मला पंचवीस मिनिटं लागली. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तू एकेकाला वरच्या मजल्यावरच्या संडासाचा रस्ता सांगत होतास. एका बाईंना स्वतः जिन्यापर्यंत सोडून आलास. दारावर एकदाही थाप पडली नाही.

बाहेर आलो तर तू दाराला पाठ लावून उभा होतास.

"झालं?"

"झालं. पण परत लागेल. दहा-पंधरा मिनिटांत."

"मग इथेच बसू," म्हणालास, आणि कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ओढून संडासाच्या दाराशी आणून ठेवल्यास.

आपण बसलो. मी म्हणालो, "बारक्या, ते पत्र..."

"त्याचं नाव काढू नकोस," तू म्हणालास. समोर बघत. "ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. बायकोलाही दाखवलेलं नाही अजून. मला वेळ लागेल. आता गप्प बस."

मला त्या वेळी काय म्हणायचं होतं ते हे: मला तुझ्या तब्येतीचा हेवा वाटला, क्रेनचा वाटला, दोनदाचा वाटला. पण तू जे मोठ्याने बोललास, न लाजता, माझ्यासारख्या माणसासाठी, त्याचा जेवढा वाटला तेवढा आयुष्यात कशाचा वाटला नाही. ते मला जमायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी, फोनवर, एका वाक्यात.

बारा मिनिटांनी परत कळ आली. मी उठलो. तू मान वळवली नाहीस, पण माझी सॅक धरायला हात पुढे केलास.

दादा